माळ्यावरचे ‘कर्नल’: जुन्या लष्करी तैलचित्राची ओळख पटवायची कशी आणि ते सांभाळायचं कसं

साताऱ्याजवळच्या माझ्या आजोळी माजघरात एक मोठं तैलचित्र होतं. फेटा, गडद निळा कोट, छातीवर सोनेरी कलाबूत, एक हात तलवारीच्या मुठीवर. काचेवर कुंकवाचा सुकलेला टिळा. मामी दर दसऱ्याला त्याला हार घालायची आणि आम्हा पोरांना सांगायची, “हे तुझ्या आईचे आजोबा. कर्नल होते.” पुढे वाड्याची पडझड झाली आणि चित्र माळ्यावर गेलं. दोन वर्षांपूर्वी ते खाली काढलं, नीट पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की ते कर्नल नव्हते आणि कोटही निळा नव्हता. त्या खटाटोपात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. सातारा, कोल्हापूर, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यात अशी चित्रं अजून बऱ्याच घरांत आहेत, आणि त्यातली बरीचशी खराब होतात ती ओल्या फडक्याने.

आधी काहीच करू नका

चित्र खाली काढल्यावर पहिली इच्छा होते पुसायची. ती आवरा. ओलं फडकं, काच पुसायचा स्प्रे, खोबरेल तेल, कापलेला बटाटा, पावाचा गाभा, लिंबाची फोड यांपैकी काहीही नको. जुन्या रंगाला बारीक भेगा गेलेल्या असतात. पाणी त्या भेगांतून खालच्या खळीच्या थरात शिरतं, खळ फुगते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. तेल लावलं की चित्र आठवडाभर झकास चमकतं, मग त्याच तेलावर धूळ बसते आणि ते पिवळं, चिकट होऊन जातं.

सपाट टेबलावर स्वच्छ धुतलेली सुती चादर पसरा आणि चित्र त्यावर उताणं ठेवा. रंगाचे पापुद्रे उभे राहिलेत का ते बघायला खोलीत अंधार करा आणि टॉर्च एका बाजूने, चित्राच्या पातळीला जवळजवळ टेकवून धरा. आडव्या उजेडात प्रत्येक भेग, फुगा, ठिगळ उठून दिसतं. रंग सुटत असेल तर इथेच थांबा. फोटो काढा, चित्र तसंच आडवं राहू द्या आणि थेट जाणकाराला गाठा. रंग घट्ट असेल तर मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने वरची धूळ अलगद झटकायला हरकत नाही. घरच्या माणसाने करायची साफसफाई एवढीच.

फोटो मात्र भरपूर काढा. पूर्ण चित्र, चेहरा, कॉलर, दोन्ही खांदे, बाह्यांची टोकं, प्रत्येक बटण, प्रत्येक पदक, पट्ट्याचं बक्कल, तलवारीची मूठ, चारही कोपरे. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. काच असेल आणि रंग काचेला चिकटलेला नसेल तरच काच काढा. चिकटला असेल तर ओढाताण करू नका.

हे रंगवलेलं आहे का?

घरात ज्याला ‘ऑइल पेंटिंग’ म्हणतात ते खरंच तसं असतं असं नाही. आपल्याकडे चार प्रकार सर्रास सापडतात: कॅनव्हासवरचं खरं तैलचित्र, मोठा केलेला फोटो आणि त्यावर हाताने चढवलेले रंग, रंगीत छापील चित्र, आणि हल्लीची ‘जुनी दिसणारी’ छपाई.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजी वापरतात ते चालतं. चेहऱ्यावर भिंग धरा. बारीक ठिपके दिसले तर ती छपाई. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळच्या रंगीत छपाईची करामत अशी की ती दुरून तैलचित्रच वाटावी. काही छपाईत तर कागदावर कापडाच्या विणीचा ठसा उठवलेला असतो. तो मशीनचा असल्यामुळे चेहऱ्यापासून पार्श्वभूमीपर्यंत एकसारखा दिसतो, रंगाच्या जाड-पातळ थराशी त्याचा काही संबंध नसतो.

चेहरा गुळगुळीत, सावल्या अगदी फोटोसारख्या, पण कोट, पदकं आणि पडदा मात्र ब्रशने ठसठशीत रंगवलेला, असं असेल तर तो रंगवलेला फोटो. याला कमी लेखायचं कारण नाही. उलट गणवेशाचा अभ्यास करायचा तर फोटोवरचा चेहरा आणि घड्या जास्त भरवशाच्या. फक्त रंगांवर विसंबू नका, ते का ते पुढे सांगतो.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा ऑनलाइन एखाद्या अनोळखी गोऱ्या जनरलचं चित्र घेत असाल तर आणखी एक खबरदारी. कॅनव्हासवर डिजिटल छपाई करून वर पारदर्शक जेलने ब्रशचे फटकारे मारतात. भिंगातून पाहिलं की फटकारा एका दिशेने आणि खालचा रंग भलत्याच दिशेने जाताना दिसतो.

चित्र पालथं घाला

माझ्या मते चित्राची पाठ त्याच्या पोटापेक्षा जास्त बोलते. लोक पुढचा चेहरा न्याहाळत बसतात आणि मागचा पुठ्ठा कुजलाय म्हणून फेकून देतात. आमच्या घरीही तो पुठ्ठा मामेभावाने अंगणात जाळायला काढला होता. त्याच्या आणि कॅनव्हासच्या मध्ये वहीच्या पानाएवढा एक जुना फोटो सापडला: तेच गृहस्थ, तीच उभं राहायची ढब, तोच फेटा. चित्रकाराने कशावरून रंगवलं ते कळलं आणि पुढचा सगळा उलगडा त्या फोटोनेच केला.

पाठीवर काय बघायचं? कॅनव्हासवर शिक्का असेल तर तो वाचा. विलायती कॅनव्हासवर विन्सर अँड न्यूटनसारख्या रंगविक्रेत्यांचे शिक्के असत. ती कंपनी १८३२ मधली, म्हणून तिचा शिक्का असलेलं चित्र त्याआधीचं असणं शक्य नाही, आणि शिक्क्यातला पत्ता बदलत गेला तसतशी तारीख आणखी आवळता येते. फ्रेम करणाऱ्याची किंवा स्टुडिओची चिठ्ठी असेल तर ती सोडवू नका, तिचा फोटो काढा. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलाय तिच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत का, कडेला लोखंडी चुका आहेत की स्टेपलच्या पिना? पिना दिसल्या तर कॅनव्हास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा ताणला असण्याची दाट शक्यता. पेन्सिलीने लिहिलेले आकडे, मोडीतली एखादी ओळ, पिन कोडाशिवायचा पत्ता, काहीही बिनमहत्त्वाचं नाही. मोडी वाचणारा माणूस अजून जवळपास कुठे ना कुठे सापडतो.

इथे एक गोष्ट मनाशी पक्की करा. गणवेशावरून कळतो तो *माणूस* कोणत्या काळातला ते. कॅनव्हासवरून कळतं *चित्र* कधीचं ते. दोन्हींत तीस-चाळीस वर्षांचं अंतर असू शकतं, कारण मुलांनी किंवा नातवांनी नंतर हाती पैसा आल्यावर जुन्या फोटोवरून तैलचित्र करून घेतलेलं असतं.

गणवेश वाचायचा कसा

आता मुख्य काम. चेहऱ्याकडे बघूच नका. गळा, खांदा, बटण, छाती या क्रमाने जा.

*हुद्दा.* घरोघरी ‘कर्नल’, ‘कॅप्टन’, ‘मेजर’ असतात, पण पहिल्या महायुद्धाच्या शेवटापर्यंत ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत पलटणीतल्या हिंदी माणसाला साधारणपणे सुभेदार मेजरच्या वर चढायला वाव नव्हता. पायदळात जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर, आणि रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, जमादार, रिसालदार, रिसालदार मेजर, अशी शिडी होती. हिंदी तरुणांना इंग्लंडमधल्या सँडहर्स्ट या लष्करी अकादमीची दारं युद्धाच्या अखेरीस उघडली आणि डेहराडूनची अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली. तेव्हा १९०० च्या सुमाराचे पणजोबा कर्नल असल्याचं कुणी सांगितलं तर आधी ‘मेजर’ या शब्दावर संशय घ्या. ‘सुभेदार मेजर’मधला सुभेदार गळतो, मेजर उरतो आणि दोन पिढ्यांनी त्याला बढती मिळते.

याला अपवाद आहेत. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये हिंदी डॉक्टर एकोणिसाव्या शतकातच अधिकारी झाले होते. औषधी वनस्पतींवरच्या कामामुळे ओळखले जाणारे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर लेफ्टनंट कर्नल होते, तेही खरेखुरे. संस्थानिकांना मानद हुद्दे मिळत. आणि ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर, कोल्हापूर यांच्या संस्थानी फौजांत हिंदी माणूस कर्नल, जनरल असू शकत असे. म्हणून घरच्यांना आधी विचारा: नोकरी सरकारची होती, की संस्थानची?

*खांद्यावरचे तारे.* इथे फसगत हमखास होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमादाराला एक तारा, सुभेदाराला दोन आणि सुभेदार मेजरला मुकुट. राजाचं कमिशन, म्हणजे थेट ब्रिटिश राजाच्या नावाने नेमणूक, असलेल्या अधिकाऱ्यांत एक तारा म्हणजे सेकंड लेफ्टनंट, दोन म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कॅप्टन आणि मुकुट म्हणजे मेजर. म्हणजे तोच मुकुट सुभेदार मेजरच्याही खांद्यावर आणि मेजरच्याही. निव्वळ खांदा बघून निकाल देऊ नका, फेटा, पदकं आणि काळ मिळून काय सांगतात ते बघा. गोऱ्या अधिकाऱ्याचं चित्र असेल तर आणखी एक खाच आहे: १८८० ते १९०२ या काळात कॅप्टनला दोनच तारे होते, लेफ्टनंटला एक, आणि सेकंड लेफ्टनंटचा खांदा रिकामा.

*गळ्यातलं पदक.* छातीवर नाही, गळ्यात, रिबिनीने लटकवलेली सोनेरी तारका दिसली तर उडी मारा. तो बहुधा ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’. हा सन्मान १८३७ मध्ये सुरू झाला. दीर्घ आणि निष्ठेच्या सेवेसाठी तो हिंदी अधिकाऱ्यांना मिळे. पहिल्या वर्गाच्या मानकऱ्याला ‘सरदार बहादूर’, दुसऱ्याला ‘बहादूर’ असा किताब, आणि पहिल्या वर्गाच्या तारकेवर मुकुट असे. सुरुवातीला याची रिबीन आकाशी होती. शिपाई डोक्याला तेल चोपडायचे, त्याचे डाग आकाशी रंगावर पडायचे, म्हणून वर्षभरातच, १८३८ मध्ये, ती किरमिजी केली असं सांगतात. आपल्या आज्यांनी केसांना लावलेल्या तेलाने उशांचे अभ्रे कसे होत ते आठवलं की ही गोष्ट खोटी वाटत नाही. १९३९ पासून या किरमिजी रिबिनीच्या मध्यावर फिकट निळ्या रेघा आल्या: पहिल्या वर्गाला दोन, दुसऱ्याला एक. म्हणजे बिनरेघी रिबीन असेल तर पदक बहुधा १९३९ च्या आधीचं.

आमच्या चित्रात बिनरेघी किरमिजी रिबीन आहे. ‘कर्नल’पदाची पहिली वीट तिथेच ढासळली.

*पलटणीचा नंबर.* फेट्यावरचा बिल्ला, कॉलरवरचं चिन्ह आणि बटणं भिंगातून पाहा. १९०३ मध्ये हिंदी फौजेची फेरआखणी झाली तेव्हा मुंबई फौजेच्या, म्हणजे मुंबई इलाख्याच्या फौजेच्या, पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले गेले: तिसरी मुंबई झाली १०३ वी, पाचवी झाली १०५ वी, दहावी ११० वी, चौदावी ११४ वी, सोळावी ११६ वी, सतरावी ११७ वी. १९२२ मध्ये पुन्हा आखणी होऊन या सहा मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, आणि १९४५ मध्ये नावातला ‘पाचवी’ गळला. त्यामुळे १०३ किंवा ११७ असा आकडा दिसला तर काळ १९०३ ते १९२२, आणि एकेरी किंवा दुहेरी आकडा असेल तर त्याआधीचा. फक्त ‘५’ हा आकडा दगा देतो. तो १९०३ पूर्वीची पाचवी मुंबई लाइट इन्फंट्रीही सांगतो आणि १९२२ नंतरची पाचवी मराठाही. मग कपडे बघायचे. भरजरी पूर्ण गणवेश असेल तर बहुधा १९१४ च्या आधीचा, खाकी असेल आणि पहिल्या युद्धाची पदकं असतील तर नंतरचा.

मुंबई फौज म्हणजे फक्त मराठे असं मात्र धरू नका. महार, कोकणी मुसलमान, बेने इस्रायल अशा अनेक समाजांतली माणसं त्यात होती आणि त्यांच्यात सुभेदारही होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. कॅम्प दापोली तर पेन्शनरांचं गाव. महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद केली गेली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण थोडक्या काळासाठी उभी राहिली, आणि महार रेजिमेंट १९४१ मध्ये झाली. अशा घरातलं चित्र असेल तर त्याचा गणवेश बहुधा या तीनपैकी एका काळात बसेल.

*छातीवरची पदकं.* पहिल्या युद्धाचं त्रिकूट सहज ओळखू येतं: काशाची तारका (रिबीन लाल-पांढरी-निळी, एकमेकांत मिसळणारी), चांदीचं युद्धपदक (मध्ये नारिंगी, दोन्ही बाजूंना पांढरी, काळी आणि कडेला निळी पट्टी) आणि काशाचं विजयपदक, ज्याची रिबीन इंद्रधनुष्यासारखी. आपल्या भागातली पुष्कळ माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होती. तिथल्या कुत या गावाच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून त्या युद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात ते उगाच नाही.

पदक अजून घरात असेल तर चित्र बाजूला ठेवा आणि पदकाची कड वाचा. महायुद्धाच्या युद्धपदकाच्या आणि विजयपदकाच्या कडेवर हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पुसटशी दिसते, पण असते. घासू नका, ब्रासो लावू नका. आडव्या उजेडात फोटो काढून तो मोठा करा.

*गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी.* एखाद्या संस्थानी वाड्यात किंवा दुकानात कंपनी सरकारच्या काळातलं चित्र भेटलं तर या खुणा कामाला येतात. मानेवर बांधलेली वेणी असेल तर १८०८ च्या आधीचं, कारण त्या वर्षी ती कापायचा हुकूम निघाला. गळ्याखाली चंद्रकोरीसारखा धातूचा पत्रा असेल तर १८३० च्या आधीचं. खांद्यांवर झालरीच्या जाड सोनेरी गाद्या असतील तर १८५५ च्या आधीचं. आणि छातीवर फिकट निळ्या रिबिनीचं चांदीचं पदक, त्यावर असई, खडकी, कोरेगाव, सीताबर्डी अशा आपल्याच गावांची इंग्रजी हिज्ज्यांतली नावं लिहिलेल्या आडव्या पट्ट्या दिसल्या तर चित्र १८५१ च्या नंतरचं, किंवा पदक मागाहून रंगवलेलं. कारण १८०३ ते १८२६ मधल्या लढायांचं हे पदक मिळालंच १८५१ मध्ये, आणि तेही तोवर हयात असलेल्यांना. अर्धं शतक थांबून पदक घेणारा म्हातारा चित्रात कधीकधी तिशीचा दिसतो. तिथे चित्रकाराने जुनं चित्र समोर ठेवलेलं असतं.

रंग खोटं बोलतात तेव्हा

आमच्या चित्रात कॉलरवर बिगुल, म्हणजे लाइट इन्फंट्रीची खूण, आणि आत इंग्रजी ५. गणवेश भरजरी, युद्धाची पदकं नाहीत, म्हणजे पाचवी मुंबई लाइट इन्फंट्री, १९०३ पूर्वी. इथवर छान जुळलं. पण त्या पलटणीचा कोट लाल आणि कॉलर काळी. तिचा वारसा चालवणारी बटालियन आजही ‘काली पांचवी’ म्हणून ओळखली जाते. चित्रातला कोट मात्र गडद निळा, कॉलरसकट.

पुठ्ठ्याआडच्या त्या फोटोने कोडं सोडवलं. त्या काळी फोटो ज्या लेप दिलेल्या काचांवर घेत, त्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, लाल त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या फोटोत लाल कोट काळपट येतो, आणि निळी वस्तू उलट फिकट. आमच्या फोटोत कोट काळपट आणि कॉलर किंचित अधिक काळी, मध्ये सोनेरी कलाबुतीची एक रेघ. चित्रकाराने प्रत्यक्ष कोट कधी पाहिलाच नव्हता. त्याने समोर काळपट पाहिलं आणि निळं लावलं. रिबीन मात्र अचूक किरमिजी, कारण पदक घरात होतं आणि ते कुणीतरी त्याच्या हातात ठेवलं असणार.

तेव्हा फोटोवरून केलेल्या चित्रात आकार आणि जागा यांवर विश्वास ठेवा, रंगांवर बेताने. आणखी एक चाचणी: पदकं माणसाच्या डाव्या छातीवर असतात, तलवार डाव्या कमरेला, आणि कोटाची डावी बाजू उजवीवर येते. हे सगळंच उलटं दिसत असेल तर चित्रकाराला मिळालेला फोटोच उलटा छापलेला होता. फक्त पदकं उजवीकडे असतील तर ती दुसऱ्या कुणाची, बहुधा वडिलांची, असू शकतात.

कागद शोधताना

आता हातात हुद्दा, पलटण आणि अंदाजे काळ आहे. शोध घरातूनच सुरू करा: पेन्शनचं पुस्तक, जमिनीच्या इनामाचा कागद, लग्नपत्रिका, देवघरातला डबा. त्या काळच्या ‘इंडियन आर्मी लिस्ट’मध्ये पलटणवार हिंदी अधिकाऱ्यांची नावं छापलेली असत आणि तिचे बरेच जुने खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आडनावाने शोधू नका. यादीत नाव बहुधा माणसाचं, कधी वडिलांचं जोडून, आणि हिज्जे साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. पलटणीचं पान उघडा आणि वरून खाली वाचा. युद्धात मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नोंद मिळू शकते. मुंबई फौजेचे कागद मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला नम्रपणे पत्र लिहा, सोबत फोटो जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा, जुन्या पेन्शनचे धागे कधीकधी तिथून हाती लागतात.

मामीला मी यादीतलं पान दाखवलं. सुभेदार मेजर, पुढे सरदार बहादूर. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “मग कर्नल कोण होतं रे?” मी म्हटलं, “मामी, कर्नल यांना सलाम करून घेणारा साहेब. त्याचं चित्र आपल्याकडे नाही.” “नसू दे,” ती म्हणाली आणि हार आणायला गेली.

भिंतीवर परत लावताना

हार आणि कुंकू हा नाजूक विषय. माझा आग्रह एवढाच की कुंकू काचेवर किंवा फ्रेमवर लावा, कॅनव्हासवर कधीच नको, आणि ताज्या फुलांचा ओला हार चित्राला टेकू देऊ नका. चंदनाचा किंवा सुताचा हार बरा. उदबत्ती आणि समई हातभर लांब. त्या धुराची तपकिरी साय व्हार्निशवर बसते आणि घरगुती उपायांनी निघत नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंत पाझरते. बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर किंवा चुलीच्या अंगाला चित्र लावू नका. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात बोटभर हवा खेळेल. काच असेल तर काच आणि रंग यांच्यात फट हवीच. मागे नवा, आम्लविरहित पुठ्ठा लावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, चित्र उतरवून पाठ बघा: बुरशी, कसर, वाळवीची माती. बुरशी दिसली तर चित्र कोरड्या, हवेशीर खोलीत, उन्हापासून दूर ठेवा. उन्हात ‘वाळत’ घालू नका.

दुरुस्ती कुणाकडून

आमच्या एका नातेवाइकांनी असंच चित्र फ्रेमवाल्याकडे दिलं. त्याने फाटलेला कॅनव्हास सुतारी गोंदाने प्लायवूडवर चिकटवला आणि वर चकचकीत लाकडाचं व्हार्निश मारून दिलं. दिसायला बरं झालं. दोन पावसाळ्यांत प्लाय वाकलं आणि कॅनव्हासही त्याच्याबरोबर. गोंद सुटत नाही म्हणून संवर्धकाने, म्हणजे जुनी चित्रं शास्त्रीय पद्धतीने दुरुस्त करणाऱ्या जाणकाराने, हात टेकले.

म्हणून चित्र संवर्धकाकडेच न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेची केंद्रं वेगवेगळ्या शहरांत आहेत. तिथे विचारून माणूस मिळतो. चित्र सोपवण्याआधी विचारा: काम करण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो आणि लेखी अहवाल द्याल का? वापरलेले पदार्थ पुढे काढता येतील असे आहेत का? साफ करण्याआधी एका कोपऱ्यात चाचणी कराल का? “अगदी नवं करून देतो” म्हणणाऱ्याकडून चित्र उचलून घरी या. आणि चेहऱ्याची, पदकांची ‘सुधारणा’ कुणालाही करू देऊ नका. आमचा निळा कोट लाल करून देण्याची तयारी एकाने दाखवली होती. त्याला नमस्कार केला.

नेताना कॅनव्हास गुंडाळू नका. उभा, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर. रंगावर थेट बबल रॅप किंवा प्लास्टिक नको, त्याचे गोल ठसे उमटतात.

कायदा, थोडक्यात

शंभर वर्षांवरची चित्रं १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याखाली येतात. नोंदणीबद्दल पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा, घरात ठेवायला कुणी मनाई करत नाही. पण असं चित्र खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला मूळ चित्र बॅगेत घालून देऊ नका, उत्तम छपाई पाठवा. हस्तिदंतावर काढलेलं तळहाताएवढं चित्र असेल तर त्याची खरेदी-विक्री करू नका, वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आहे.

शेवटी पाठीवर एक कागद

हे काम बहुतेक जण विसरतात आणि म्हणून पुढच्या पिढीला पुन्हा ‘कर्नल’ जन्माला घालावे लागतात. जाड, चांगल्या कागदावर पेन्सिलीने लिहा. शाई पावसाळ्यात पसरते. कागद कॅनव्हासला चिकटवू नका, मागच्या पुठ्ठ्यावर पाकिटात ठेवा. त्यात नाव, गाव, हुद्दा, पलटण, पदक, आणि प्रत्येक गोष्ट कशावरून कळली ते: यादीतलं पान, पदकाची कड, की नुसती घरची सांगोवांगी. सापडलेला फोटो त्याच पाकिटात ठेवायचा मोह होईल, पण तो वेगळ्या, कोरड्या डब्यात ठेवा आणि पाकिटात त्याची प्रत.

आमच्या पाकिटातला कागद मामीने स्वतः लिहिला. नाव, गाव, पलटण सगळं मी सांगितलं तसं. शेवटची ओळ तिची: “कोट लाल होता. चित्रकाराला दिसला नाही.”